मोर्चा, कोर्ट, मतपेटी की सात-बारा? जपानकडे बघून ठरवायचं तर

रत्नागिरीकडचा माझा एक मित्र वर्षभर गावाजवळच्या एका प्रस्तावित प्रकल्पाच्या मागे लागलाय. प्रकल्प कुठला ते इथे सांगत नाही, त्याला ते नको आहे. गेल्या महिन्यात फोनवर त्याने सरळच विचारलं, "वर्गणीचे साडेतीन लाख आहेत आणि हाकेला येणारी बारा माणसं. वकील करू, मुंबईला मोर्चा नेऊ, की ग्रामसभेत ठराव लावू? सगळं एकदम झेपणार नाही. तू ते जपानचं वाचत असतोस ना, तिथे कशाने काय झालं ते सांग."

प्रश्न चांगला होता, कारण अणुविजेला विरोध करणाऱ्या जपानी लोकांनी हे सगळेच रस्ते चालून पाहिले आहेत, तेही साठ वर्षं. कुठे जिंकले, कुठे हरले, कुठे जिंकून हरले, सगळ्याची नोंद आहे. त्याला फोनवर जे तुटक सांगितलं ते इथे जरा नीट मांडतो. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला ते तपासता येईल: जपानात जे अणुवीज प्रकल्प कायमचे थांबले, ते बहुतेक पाया खणण्याआधी थांबले, आणि ते थांबवलं ते जागेवरच्या लोकांनी. अणुभट्टी एकदा उभी राहिली की मोर्चा आणि कोर्ट यांच्या हातात वेळ काढणं एवढंच बरेचदा उरतं. अर्थात वेळ काढणं ही कमी गोष्ट नाही.

रस्ता

सगळ्यात जास्त फोटो याचे निघाले, म्हणून यापासून सुरुवात.

२०११च्या फुकुशिमा अणुअपघाताआधी जपानात ५४ भट्ट्या होत्या आणि देशाची जवळपास ३० टक्के वीज त्यांतून यायची. अपघातानंतर एकेक भट्टी तपासणीसाठी बंद होत गेली आणि ५ मे २०१२ला होक्काइदोमधली तोमारीची शेवटची भट्टी थांबली. देश शून्यावर आला. ओई इथल्या दोन भट्ट्या पुन्हा सुरू करायच्या, असं पंतप्रधान नोदा योशिहिको यांनी जूनमध्ये जाहीर केलं, आणि त्यांच्या टोकियोतल्या कार्यालयासमोर दर शुक्रवारी जमणाऱ्या लोकांची संख्या अचानक फुगली. मार्चअखेर पहिल्या निदर्शनाला जेमतेम तीनशे माणसं होती. २९ जूनला आयोजकांच्या म्हणण्याप्रमाणे दोन लाख, पोलिसांच्या मते वीस हजारांच्या आत. (गर्दीच्या आकड्यावरून आयोजक आणि पोलिस भांडतात, हे बघून आपल्याला घरच्यासारखं वाटतं.) १६ जुलैला योयोगी पार्कच्या सभेत आयोजकांनी १,७०,००० आकडा दिला, पोलिसांनी ७५,०००. त्या सभेच्या निमंत्रकांत कादंबरीकार ओए केंझाबुरो होते, संगीतकार साकामोतो रियुइची होते.

या शुक्रवारांची रीत बघण्यासारखी होती. संध्याकाळी सहा ते आठ. ऑफिस सुटलं की टाय सैल करत आलेले लोक, बाबागाडी ढकलत आलेल्या आया, ढोल घेऊन आलेली पोरं. पक्षाचे आणि युनियनचे झेंडे आणू नका, अणुविजेखेरीज दुसरा विषय काढू नका, असं आयोजक बजावून सांगायचे. घोषणा एकच, "साइकादो हानताइ", म्हणजे पुन्हा सुरू करायला विरोध. पोलिस लोकांना फुटपाथवर चेपून धरायचे. आठ वाजले की आयोजकच सांगायचे, आजचं संपलं, घरी जा. आणि लोक जायचे, जाताना कचरा उचलून.

मिळालं काय? १ जुलैला ओईची भट्टी ठरल्याप्रमाणे चालू झाली. पण २२ ऑगस्टला नोदांना आंदोलकांच्या प्रतिनिधींना कार्यालयात बोलावून भेटावं लागलं. सरकारने लोकांची मतं मागवली, तेव्हा ८९ हजारांच्या आसपास पत्रं आली आणि त्यांतली बहुसंख्य "शून्य करा" म्हणणारी होती. १४ सप्टेंबरला २०३०च्या दशकात अणुवीज शून्यावर आणण्याचं धोरण जाहीर झालं. रस्त्याची ही खरी कमाई होती. डिसेंबरात निवडणूक झाली, नोदांच्या पक्षाच्या ५७ जागा उरल्या, लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष २९४ जागा घेऊन परत आला, आणि तीन महिन्यांचं ते धोरण गुंडाळलं गेलं.

मला यात एक गोष्ट खुपते. रस्त्यावर आलेल्या लोकांना राग व्यक्त करायला जागा मिळाली, पण त्यांच्या रागाला उमेदवार मिळाला नाही. पक्षांना लांब ठेवल्यामुळे गर्दी वाढली, हे खरं. पण मतदानाच्या दिवशी त्या गर्दीचं बोट कुठल्या चिन्हाकडे जाणार, हे त्यामुळेच कुणी ठरवलं नव्हतं. शुक्रवार पुढे आठ-नऊ वर्षं चालले. शेवटी २०२१च्या मार्चमध्ये आयोजकांनी काम थांबवलं. कारणांत एक अगदी साधं होतं, देणग्या आटल्या होत्या.

माझ्या मित्रासारख्या बारा माणसांच्या गटाला हा रस्ता सगळ्यात महाग. राजधानी लांब आहे, आणि राजधानीतली गर्दी आपल्याला हवी तेव्हा जमत नाही. तिकडे ती जमवली ती फुकुशिमाने.

कोर्ट

इथे जपानी अनुभव एखाद्या लांबलेल्या मालिकेसारखा आहे. खालच्या कोर्टात जिंकायचं आणि वरच्या कोर्टात हरायचं.

पहिला मोठा खटला १९७३चा, शिकोकू बेटावरच्या इकाता प्रकल्पाविरुद्ध. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला १९९२ उजाडलं. न्यायालयाने म्हटलं की सुरक्षेची तपासणी तज्ज्ञांची, आम्ही तिच्यात ढोबळ चूक दिसली तरच हात घालू. त्यानंतर कितीतरी वर्षं न्यायाधीश या वाक्याआड उभे राहिले. मधे दोनदा भिंतीला तडा गेला. २००३मध्ये मोंजू या भट्टीचा परवानाच कानाझावाच्या खंडपीठाने अवैध ठरवला, आणि २००६मध्ये तिथल्या जिल्हा न्यायालयाने शिका प्रकल्पाची दुसरी भट्टी थांबवण्याचा आदेश दिला. दोन्ही निकाल वर जाऊन फिरले.

फुकुशिमानंतर न्यायाधीशांचा सूर बदलला. २१ मे २०१४ला फुकुई जिल्हा न्यायालयात हिगुची हिदेआकी यांनी ओईच्या तिसऱ्या-चौथ्या भट्ट्या चालवू नका, असा निकाल दिला. त्यातला युक्तिवाद कुणालाही कळेल असा होता. भट्टी ७०० गॅलच्या भूकंपाला पुरेल असं धरून बांधलेली (गॅल म्हणजे जमीन किती जोराने हादरते त्याचं माप), १,२६० गॅलच्या पलीकडे काही शाश्वती नाही हे कंपनीलाही मान्य, आणि याच देशात २००८ साली इवाते-मियागीच्या भूकंपात ४,०२२ गॅलची नोंद झालेली. मग तुम्ही कशाच्या भरवशावर सांगता, की इथे तेवढा येणार नाही? अणुवीज बंद ठेवून इंधन आयात केल्याने देशाची संपत्ती बाहेर जाते, या कंपनीच्या म्हणण्यावर त्यांनी उत्तर दिलं की सुपीक जमीन आणि तिच्यावर मुळं रोवून जगणारी माणसं हीच देशाची संपत्ती. प्रकल्पापासून २५० किलोमीटरपर्यंत राहणाऱ्यांना दाद मागण्याचा हक्क आहे, हेही मान्य केलं.

२०१८ला वरच्या कोर्टाने तो निकाल रद्द केला.

आता इथे एक बारकावा आहे आणि वकील करण्याआधी तो माहीत हवा. मूळ दाव्यात जिंकलं तरी अपील झालं की निकाल टांगून राहतो. तात्पुरत्या मनाईचा आदेश मात्र त्याच दिवशी लागू होतो. ९ मार्च २०१६ला ओत्सु जिल्हा न्यायालयाने ताकाहामाच्या दोन भट्ट्यांना अशी मनाई दिली, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीला चालू असलेली भट्टी थांबवावी लागली. जपानात चालती भट्टी कोर्टाच्या हुकमाने थांबली ती पहिल्यांदा. गंमत अशी की ओत्सु हे शिगा प्रांतात, भट्टी शेजारच्या फुकुईत. शेजाऱ्यांना ना प्रकल्पाचा पैसा मिळतो ना परवानगीत मत, पण वारा आणि शिगातल्या बिवा सरोवराचं पाणी काही प्रांताच्या हद्दी बघत नाही. मनाई एक वर्ष टिकली, मार्च २०१७मध्ये ओसाकाच्या उच्च न्यायालयाने उठवली. इकाताच्या तिसऱ्या भट्टीचंही असंच. हिरोशिमा उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये आसो ज्वालामुखीचं कारण देऊन मनाई दिली, पुढच्या सप्टेंबरात उठवली. जानेवारी २०२०मध्ये पुन्हा दिली, मार्च २०२१मध्ये पुन्हा उठवली.

मनाईला दुसरी बाजू आहे. ती नंतर उठली तर तेवढ्या काळाचं नुकसान कंपनी अर्जदारांकडून मागू शकते. बंद भट्टीच्या एका दिवसाचा हिशेब कुठल्याही गावकऱ्याची झोप उडवायला पुरे.

मग कोर्टात जाऊच नये का? माझं मत तसं नाही. १८ मार्च २०२१चा मितो जिल्हा न्यायालयाचा तोकाई दाइनी या प्रकल्पाबद्दलचा निकाल बघा. न्यायालयाने यंत्राला हात लावला नाही. एवढंच विचारलं की प्रकल्पाच्या ३० किलोमीटरच्या आत नऊ लाख चाळीस हजार माणसं राहतात, त्यांना बाहेर काढायची योजना दाखवा. चौदा गावं-शहरांपैकी पाचांकडेच ती होती. भट्टी सुरू करायला मनाई. हा प्रश्न तज्ज्ञांच्या आड लपवता येत नाही. बस किती, रस्ता कुठला, दवाखान्यातल्या खाटेवरच्या माणसाला कोण उचलणार, हे कुणीही विचारू शकतं. मला विचाराल तर कोर्टात जायचं तर हा प्रश्न घेऊन जावं.

झाल्या अपघाताची जबाबदारी ठरवायची म्हटलं, तर कोर्टाने फारसं हाती दिलेलं नाही. फुकुशिमासाठी सरकार भरपाईला जबाबदार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १७ जून २०२२ला ठरवलं. त्याच वर्षी जुलैत टोकियो जिल्हा न्यायालयाने फुकुशिमाचा प्रकल्प चालवणाऱ्या टोकियो इलेक्ट्रिकच्या चार माजी अधिकाऱ्यांना कंपनीला १३ लाख कोटी येनहून अधिक रक्कम द्यायला सांगितलं होतं. जून २०२५मध्ये उच्च न्यायालयाने तोही आदेश फिरवला.

मतपेटी

आता माकी. या गावावर मी जरा रेंगाळणार आहे.

निइगाता प्रांतात जपानी समुद्राच्या काठी तीसेक हजार वस्तीचं हे गाव. तोहोकु इलेक्ट्रिकने १९७१मध्ये इथे प्रकल्प जाहीर केला. जागा काकुमिहामा नावाच्या ओसाड पडलेल्या किनाऱ्यावर. पुढची वीस-बावीस वर्षं गावात या विषयावर कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. जावई बांधकाम ठेकेदाराकडे, दुकानाचं गिऱ्हाईक नगरपालिकेतलं, चुलतभाऊ सोसायटीत. आपलं मत सांगितलं की कुणाशी तरी बिघडणार. लहान गाव आणि मोठा पैसा एकत्र आले की सगळीकडे हेच होतं.

१९९४मध्ये प्रकल्पाला अनुकूल नगराध्यक्ष तिसऱ्यांदा निवडून आले. तेव्हा साके गाळणाऱ्या घराण्यातले सासागुची ताकाआकी आणि त्यांच्यासारखे काही दुकानदार-व्यावसायिक एकत्र आले. त्यांची चाल इतकी साधी की आजही हेवा वाटतो. प्रकल्प हवा की नको यावर त्यांनी गट म्हणून मत दिलंच नाही. म्हणाले, गावाला विचारा. आंदोलकांच्या सभेला जायला घाबरणारा माणूससुद्धा याला नाही म्हणू शकत नव्हता.

नगरपालिकेने नकार दिला. मग त्यांनी स्वतःच मतदान घेतलं. सरकारी सभागृह मिळेना म्हणून पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्या उभारल्या, पेट्या ठेवल्या आणि जानेवारी-फेब्रुवारी १९९५च्या बर्फात पंधरा दिवस त्या उघड्या ठेवल्या. १०,३७८ लोक येऊन मत टाकून गेले, म्हणजे मतदारांपैकी ४५ टक्के. त्यातले ९,८५४ विरोधात. नगराध्यक्षांना आदल्या निवडणुकीत जेवढी मतं पडली होती त्याहून ही जास्त. कायद्याने या मतांना किंमत शून्य होती. पण गावाने पहिल्यांदा आरशात पाहिलं. शेजारीही माझ्यासारखाच विचार करतो, हे प्रत्येकाला एकाच दिवशी कळलं.

पुढचं राजकारण आपल्याला अनोळखी नाही. सभागृहाच्या निवडणुकीत मतदानाच्या बाजूचे बहुमतात आले, त्यातले काही फुटले, ठराव पास झाला तर तारीख ठरवण्याच्या कलमात पाचर मारली गेली. लोकांनी नगराध्यक्षांना परत बोलावण्यासाठी सह्या गोळा केल्या, त्यांनी राजीनामा दिला, जानेवारी १९९६मध्ये सासागुची स्वतः नगराध्यक्ष झाले. ४ ऑगस्ट १९९६ला अधिकृत सार्वमत झालं. मतदान ८८.२९ टक्के. विरोधात १२,४७८, बाजूने ७,९०४.

सार्वमताचा निकाल कंपनीवर बंधनकारक नव्हता, आणि कंपनी वाट बघत बसली. पुढचा नगराध्यक्ष वेगळा येईल. गावाने मग काय केलं ते पुढच्या भागात, कारण ती गोष्ट मतपेटीची नाही.

माकीनंतर सगळ्यांना वाटलं, चावी सापडली. २००१मध्ये कारिवा गावाने सार्वमतात प्लुटोनियम मिसळलेल्या इंधनाला नकार दिला, त्याच वर्षी मिए प्रांतातल्या मियामाने प्रकल्प बोलावण्यालाच. पण वरच्या पातळीवर चावी लागेना. जपानच्या कायद्याने पन्नासांतल्या एका मतदाराने सही केली की सार्वमताचा ठराव सभागृहापुढे मांडावा लागतो, मात्र मंजूर करायचा की नाही हे सभागृहाच्या हातात. सही म्हणजे नुसतं नाव नव्हे: पत्ता, जन्मतारीख, शिक्का किंवा अंगठा, आणि तेही ठरलेल्या मुदतीत. इतकी मेहनत करून २०१२मध्ये टोकियोत तीन लाखांवर सह्या झाल्या, सभागृहाने फेटाळलं. शिझुओकात १,६५,०००, फेटाळलं. निइगातात २०१३ला फेटाळलं; तिथला काशिवाझाकी-कारिवा प्रकल्प पुन्हा सुरू करावा का, यासाठी पुन्हा १,४३,००० सह्या जमल्या, एप्रिल २०२५मध्ये पुन्हा फेटाळलं. राज्यपाल हानाझुमी हिदेयो यांनी लोकांचा कौल घेऊ असं म्हटलं होतं. शेवटी नोव्हेंबर २०२५मध्ये त्यांनी प्रकल्प सुरू करायला संमती दिली आणि कौल घेतला तो प्रांताच्या सभागृहाचा. माकी आता ज्या निइगाता शहरात विलीन झालंय, तिथून काशिवाझाकी काही फार लांब नाही.

मतपेटी छोट्या गावात चालते, मोठ्या प्रांतात अडते, असा माझा निष्कर्ष आहे. छोट्या गावात सभागृहातला प्रत्येक सदस्य रोज दुकानात भेटतो. मोठ्या प्रांतात तो पक्षाला भेटतो.

जमीन आणि समुद्र

काकुमिहामाच्या प्रकल्पाच्या ऐन जागेत नगरपालिकेच्या मालकीचा एक तुकडा होता. ७४३ चौरस मीटर. आपल्या मापाने सव्वासात गुंठ्यांहून थोडा जास्त. बहुतेक जागा कंपनीने आधीच घेतलेली, पण सगळी हाती नाही म्हणून परवान्याचं काम कंपनीला १९८३पासूनच अडवून ठेवावं लागलं होतं. ३० ऑगस्ट १९९९ला सासागुचींनी तो तुकडा गावातल्या २३ विरोधकांना दीड कोटी येनला विकून टाकला. सभागृहाला न विचारता. प्रकल्पाच्या बाजूच्या सदस्यांनी खटला भरला, तो जिल्हा, उच्च, सर्वोच्च असा चढत गेला आणि तिन्ही ठिकाणी ते हरले. १८ डिसेंबर २००३ला सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला. सहा दिवसांनी, २४ डिसेंबरला, कंपनीने प्रकल्प सोडून दिला.

बत्तीस वर्षांचा वाद, आणि शेवट या खरेदीखताने झाला. सार्वमत नसतं तर ही विक्री लबाडी वाटली असती. विक्री नसती तर सार्वमत कागदावर राहिलं असतं. हे दोन रस्ते एकत्र गेले म्हणून पोचले.

समुद्राचं गणितही असंच आहे. जपानात किनाऱ्याजवळचा मासेमारीचा हक्क स्थानिक मच्छीमार सोसायटीकडे असतो, आणि तो सोडायचा तर सर्वसाधारण सभेत दोन तृतीयांश मतं लागतात. मिए प्रांतातल्या आशिहामात चुबु इलेक्ट्रिक १९६३ला आली. १९६६च्या सप्टेंबरात संसदेची पाहणी समिती बोटीने निघाली तेव्हा कोळ्यांनी नागाशिमा बंदरात ती अडवली. समितीत नाकासोने यासुहिरो होते, पुढे पंतप्रधान झाले ते. १९५४ला जपानचं अणुऊर्जेचं पहिलं बजेट त्यांनीच पुढाकार घेऊन मंजूर करून घेतलं होतं. कोळ्यांना अटक झाली, शिक्षा झाल्या, पण समुद्र गेला नाही. तीस वर्षांनी मात्र तिथल्या कोवाउराच्या कोळ्यांची सोसायटी वाकली. मासळी घटली, कर्ज वाढलं, पिढी बदलली. तेव्हा लढा प्रांतभर गेला: १९९६मध्ये ८,१०,००० सह्या, प्रांतातल्या निम्म्याहून जास्त मतदारांच्या. २२ फेब्रुवारी २०००ला राज्यपाल कितागावा मासायासु यांनी प्रकल्प मोडीत काढावा असं सांगितलं, कंपनीने त्याच दिवशी माघार घेतली. सदतीस वर्षं.

यामागुचीतलं इवाइशिमा बेट अजून लढतंय. समोर चारेक किलोमीटरवर कामिनोसेकीची नियोजित जागा. बेटावरची म्हातारी माणसं १९८२पासून दर सोमवारी गल्ल्यांतून फेरी काढत आली, एक हजाराहून अधिक वेळा. वाटेत चपला काढून कुणाच्या ओट्यावर बसावं, आज काय मिळालं विचारावं, पुढे निघावं, अशी ही फेरी. आठ मच्छीमार सोसायट्यांपैकी बाकीच्यांनी भरपाई घेतली, बेटाच्या वाट्याच्या १०८ कोटी येनला बेटाने हात लावला नाही. किंमतही मोजली: २००९मध्ये काम अडवल्याबद्दल कंपनीने चौघांवर जवळपास पावणेपाच कोटी येनचा दावा लावला, तो मिटायला २०१६ उजाडलं. आणि बेट म्हातारं होत चाललंय. जमीन आणि समुद्र धरून ठेवण्याच्या रस्त्याचा हा मोठा दोष: तो धरणारे हात लागतात, आणि कंपनीला मरण नसतं.

सुझुचं नाव इथे घ्यायलाच हवं. नोतो द्वीपकल्पाच्या टोकाला, ताकाया आणि जिके या दोन ठिकाणी तीन वीज कंपन्यांना प्रकल्प हवे होते. १९८९ला लोक नगरपालिकेत चाळीस दिवस बसून राहिले, पाहणी थांबली. डिसेंबर २००३ला कंपन्यांनी योजना गोठवली. विजेची मागणी वाढत नाही हेही त्यामागे होतं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर माकीतही ते होतंच. १ जानेवारी २०२४ला नोतोमध्ये ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. किनारा वर उचलला गेला, रस्ते तुटले, ताकायाचा संपर्क तुटला. जिथून माणसं बाहेर काढणं कठीण झालं, तिथे भट्टी उभी राहणार होती.

दुसऱ्या बाजूचं

मित्राला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे बाजूने असणारे सगळे विकले गेलेले?" नाही. १९७४च्या कायद्यांनी प्रकल्प घेणाऱ्या गावांना वीजबिलावरच्या करातून पैसा मिळतो. त्यातून शाळा, सभागृहं, दवाखाने झाले. तरुण गावात राहिले. २०२२नंतर इंधन महागलं, बिलं वाढली, आणि फेब्रुवारी २०२३च्या असाही वृत्तपत्राच्या चाचणीत भट्ट्या सुरू करण्याच्या बाजूने ५१ टक्के, विरोधात ४२ टक्के लोक निघाले. अपघातानंतर पहिल्यांदाच बाजूचे निम्म्याच्या वर गेले. २०२४अखेर १४ भट्ट्या पुन्हा चालू झाल्या होत्या. फेब्रुवारी २०२५च्या सरकारी आराखड्यातून "अणुविजेवरचं अवलंबन शक्य तेवढं कमी करू" हे वाक्यच गेलं. ज्याला विरोध करायचाय त्याने या माणसांचा हिशेबही समजून घ्यावा, त्यांचीच मतं वळवायची आहेत. ताकाहामात कान्साई इलेक्ट्रिकच्या अधिकाऱ्यांना गावच्या माजी उपनगराध्यक्षांकडून कोट्यवधी येनची रोख आणि भेटी पोचत होत्या, हे २०१९ला उघड झालं, तेही याच व्यवहाराचं दुसरं टोक.

मग आपल्याकडे

जपानचं सगळं जसंच्या तसं इथे चालणार नाही. मुख्य फरक एकच, पण मोठा. माकीत कंपनीला जमीन मालकाकडून विकत घ्यावी लागत होती. मालक नाही म्हणाला की अडत होतं. आपल्याकडे सरकार संपादन करतं. जैतापुरात माडबन, मिठगवाणे, निवेली, करेलच्या बऱ्याच लोकांनी धनादेश नाकारले, तरी कागदोपत्री जमीन गेली. साखरी नाट्याच्या कोळ्यांकडे समुद्राचा तसा सोसायटीच्या मतदानाने राखता येणारा हक्क नव्हता. (जैतापूरचा जपानशी धागाही आहे: ११ नोव्हेंबर २०१६ला टोकियोत सही झालेल्या भारत-जपान अणुकराराने जपानी कंपन्यांचे भाग भारतातल्या भट्ट्यांना मिळण्याची वाट मोकळी झाली, आणि त्या कराराला जपानमधल्या अणुविरोधी लोकांनीही विरोध केला होता.)

तरी ठरवायला काही हाती लागतंच. मित्राला मी म्हटलं: अजून मोजणीही झालेली नाही ना? मग मोर्चावर पैसा घालू नकोस. मोर्चा विषय पेटतो तेव्हा लागतो, तो पेटवायला नाही. वकिलाला साडेतीन लाखांतले पन्नास हजार दे, पण तात्पुरत्या मनाईसाठी नाही. आपत्ती आली तर या खाडीपलीकडून माणसं कशी निघणार याची योजना कुणी केलीय का, हे माहिती अधिकारात विचारून कागद जमव. तो कागद पुढे कुठल्याही कोर्टात उपयोगी पडतो. आणि सगळ्यात आधी ग्रामसभेतल्या ठरावाच्याही आधी, स्वतःच पेटी ठेवून गावाचं मत घे, गुप्त. हवं की नको, दोन चिठ्ठ्या. तू कुठल्या बाजूचा हे त्या दिवशी सांगू नकोस.

"आणि जमीन?" तो म्हणाला.

जमिनीसाठी सगळ्या सात-बारांची यादी कर म्हटलं. कातळावरचा प्रत्येक तुकडा, कोण मालक, कोण सहहिस्सेदार, कुणाचं नाव वारस म्हणून चढायचं राहिलंय. नोंद ज्याच्या नावावर, नोटीस त्याला येते.

त्याने परवा यादीचा फोटो पाठवला. एका दोन एकरांच्या कातळावर एकेचाळीस नावं आहेत. त्यातली अकरा मुंबईत, एक दुबईत, चार माणसं मेलेली. खाली त्याने लिहिलंय: "दापोलीच्या आत्याला शोधतोय, तिच्या सहीशिवाय काही हलत नाही म्हणतात तलाठी."